प्रोसेसर आत्ता घ्यायचा की थांबायचं? सोलापुरात पहिल्यांदा पीसी जोडणाऱ्यांसाठी

नवी पेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की हा प्रश्न कानावर पडतोच: "आत्ता घेऊ, का नवीन निघणाराय म्हणतात तर थांबू?" दुकानदार म्हणतो घ्या, यूट्यूबवाला म्हणतो थांबा. एकाला माल आज विकायचा असतो, दुसऱ्याला पुढच्या महिन्यातही व्हिडिओ करायचा असतो. नवीन प्रोसेसर तर दरवर्षी निघतो, त्यामुळे त्याच्याकडे बघून ठरवायला बसलात तर कधीच ठरणार नाही. तुमचं काम, तुमचं जुनं मशीन आणि एकूण बिल या तीन गोष्टींवरून उत्तर निघतं. पहिलाच पीसी असेल तर जुन्या मशीनचे दोन भाग सोडून थेट कामाच्या भागावर जा.

दोष प्रोसेसरचाच आहे का?

"पीसी हँग होतोय, प्रोसेसर बदलायचाय" म्हणत येणाऱ्या बऱ्याच जणांचा प्रोसेसर ठणठणीत असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सचं पान काढा आणि ज्या कामाला मशीन अडतं तेच काम सुरू करा. टॅलीत वर्षाचा रिपोर्ट काढताना, कोरलमध्ये फ्लेक्सची मोठी फाइल सेव्ह करताना, लग्नाचा व्हिडिओ एक्सपोर्ट होताना आकडे बघायचे. रिकाम्या मशीनचे आकडे बघून काही कळत नाही.

डिस्क शंभर टक्क्यांवर आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, पंधरा-वीसवर दिसत असेल, तर आत बहुधा जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे. एसएसडी टाका आणि प्रोसेसरचा विषय तिथेच सोडा. मेमरी नव्वदच्या वर अडकली असेल तर रॅम कमी पडतेय. सीपीयू बराच वेळ नव्वद ते शंभरच्या मध्ये राहत असेल, तरच पुढचं वाचा.

यात एक फसवी जागा आहे. काही प्रोग्रॅम एकाच कोअरवर चालतात. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग, थ्रेड म्हणजे त्यावर चालणारी कामाची एक रांग. बारा थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा आठ टक्के दिसतो आणि माणूस म्हणतो, प्रोसेसर तर निवांत बसलाय. ग्राफवर माउसचं उजवं बटण दाबून लॉजिकल प्रोसेसर्सचा पर्याय निवडा, म्हणजे प्रत्येक थ्रेडचा वेगळा चौकोन दिसेल. एकच चौकोन काठोकाठ भरलेला असेल तर जास्त कोअरचा प्रोसेसर घेऊन फरक पडणार नाही. एका कोअरचा वेग जास्त असलेला लागेल, म्हणजे साधारणपणे नव्या पिढीचा.

आता उष्णता. सोलापुरात ही पायरी गाळायची नाही. एप्रिल-मेमध्ये बाहेर बेचाळीस असतं आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांपर्यंत तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. पूर्व भागात यंत्रमागांच्या आसपास घर किंवा दुकान असेल तर सुताचे बारीक तंतू कूलरच्या पात्यांमध्ये जाऊन अक्षरशः नमदा तयार होतो. टास्क मॅनेजरमध्ये काम चालू असतानाचा स्पीड हा आकडा बेस स्पीडच्या बराच खाली गेला, किंवा एचडब्ल्यूइन्फो या फुकट प्रोग्रॅममध्ये तापमान नव्वदच्या पुढे दिसलं, तर आधी कॅबिनेट उघडा, पंखा बोटानं धरून ब्लोअर मारा आणि थर्मल पेस्ट नवीन लावा. मग पुन्हा मोजा. खर्च शे-दोनशेचा आहे, आणि काही जणांची खरेदी इथेच टळते.

आहे त्याच बोर्डात काही बसतंय का?

सीपीयू-झेड नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम घ्या. तो प्रोसेसर, सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा), मदरबोर्डचं नेमकं मॉडेल आणि बायोसची (बोर्डमधल्या मूळ प्रोग्रॅमची) आवृत्ती दाखवतो. ते मॉडेल बोर्डच्या कंपनीच्या साइटवर शोधून सीपीयू सपोर्टची यादी काढा. यादीत तुमच्यापेक्षा बरा प्रोसेसर असेल तर नवा बोर्ड आणि नवी रॅम दोन्हींचा खर्च वाचतो.

एएमडीचा एएम४ सॉकेट असेल तर तुम्ही नशीबवान. २०१७ मध्ये एएमडीचे पहिले रायझन प्रोसेसर याच सॉकेटवर आले आणि २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० देखील त्यावरच बसतो. पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या रायझनवरून ५६०० वर गेलात तर फरक पहिल्याच दिवशी जाणवेल. इंटेलच्या एलजीए १७०० वर बारावी, तेरावी आणि चौदावी अशा तिन्ही पिढ्या चालतात, तेव्हा बारावीचा आय३ असणाऱ्यालाही वर जायला जागा आहे. इंटेलच्या जुन्या सॉकेटमध्ये मात्र नावावर जाऊ नका. सहावी-सातवी आणि आठवी-नववी या दोन्ही जोड्यांचा सॉकेट एलजीए ११५१ च म्हणवतो, पण सातव्या पिढीच्या बोर्डात आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही.

जुन्या सॉकेटवरचा प्रोसेसर हवा असेल तर थांबण्यात फायदा नाही, उलट तोटाच आहे. उत्पादन थांबलं की तो स्वस्त होत नाही, दुर्मीळ होतो. एएम४ वरचा गेमिंगसाठीचा ५८००एक्स३डी आता सील पॅक शोधून बघा, म्हणजे कळेल.

नवा प्रोसेसर बसवायच्या आधी बहुतेक वेळा बायोस अपडेट करावा लागतो. तो यूपीएसशिवाय करू नका. अपडेट अर्ध्यात असताना लाईट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो, आणि आपल्याकडे लाईट विचारून जात नाही. वळवाच्या पावसाच्या संध्याकाळी तर हे काम काढूच नका.

बोर्डात काहीच बसत नसेल आणि प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा असेल, तर विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे हे लक्षात घ्या. विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० पासून पुढचा प्रोसेसर लागतो. ज्या मशीनवर बँकेचं, जीएसटीचं काम होतं ते असं चालवत ठेवू नये. तिथे थांबायचा प्रश्नच उरत नाही. घरात फक्त सिनेमे बघायला असेल तर लिनक्स टाका आणि पैसे वाचवा.

काम कुठलं?

बिलिंग, टॅली, झेरॉक्सच्या दुकानातले ऑनलाइन फॉर्म, एमएस-सीआयटीचा सराव: यासाठी आजचा सगळ्यात लहान प्रोसेसरही पुरून उरतो. इथे थांबणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. ज्यात ग्राफिक्स आहे असा आय३ किंवा छोटा रायझन घ्या आणि उरलेले पैसे एसएसडी आणि यूपीएसवर टाका. ग्राफिक्सवाला हा शब्द महत्त्वाचा आहे. इंटेलच्या मॉडेलच्या शेवटी एफ असला, उदाहरणार्थ १२४००एफ, की त्यात ग्राफिक्स नसतं आणि वेगळ्या कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहते. रायझन ५ ५६०० मध्येही नसतं, ५६००जी मध्ये असतं. रायझन ७००० मध्ये बहुतेकांत थोडंफार असतं, ७५००एफ मध्ये नसतं. स्वस्तातला एफ घरी नेऊन बसवणाऱ्यांची संख्या कमी नाही.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांचा हिशोब सगळ्यात वेगळा आहे, आणि तो दुकानात कुणी विचारत नाही. सोनी ए७ फोरसारखे कॅमेरे एच.२६५ मध्ये दहा बिट, ४:२:२ असं, म्हणजे रंगांची जास्त माहिती असलेलं फुटेज देतात. ते टाइमलाइनवर नीट पळवायला हार्डवेअरची मदत लागते. अकराव्या पिढीपासून इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये ती मदत आहे. रायझन ७००० आणि ९००० च्या आतल्या ग्राफिक्समध्ये नाही. एनव्हिडियाच्या कार्डांत ती २०२५ च्या ५० सिरीजपासून आली. म्हणून या कामाला ग्राफिक्ससह असलेला मधला इंटेल हा कागदावर जास्त ताकदवान दिसणाऱ्या रायझनपेक्षा हातात जास्त सुखाचा वाटू शकतो. एफ तर अजिबात नको. आधी तुमचा कॅमेरा कुठल्या फॉरमॅटमध्ये शूट करतो ते बघा. साधं आठ बिटचं एच.२६४ असेल तर ही सगळी चर्चा तुमच्यासाठी नाही.

इंजिनिअरिंगच्या पोरांना चार वर्षं ओढायची असतात. त्यांनी एएम५ बघावा, कारण एएमडीनं तो निदान २०२७ पर्यंत चालवायचं जाहीर केलंय. आज रायझन ५ ७६०० घेतला तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी बोर्ड न बदलता वर जाता येईल. इंटेलचा अनुभव तसा नाही: २०२० मध्ये एलजीए १२००, २०२१ मध्ये १७००, २०२४ मध्ये १८५१. हॉस्टेलवर राहणाऱ्यानं मात्र सरळ लॅपटॉप घ्यावा.

गेमिंगवाल्यांना एवढंच: बजेट बेताचं असेल तर पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी उत्तम आहेत, पण त्यांचं मोल तगड्या कार्डासोबतच कळतं.

एकट्या प्रोसेसरचा भाव बघू नका

नवख्यांची इथे हमखास फसगत होते. प्रोसेसर दोन हजारांनी उतरायची वाट बघताना बाकीच्या बिलाकडे लक्ष राहत नाही. नव्या सॉकेटवर जायचं म्हणजे प्रोसेसर, बोर्ड, रॅम आणि बहुधा कूलर असं चौघांचं बिल होतं. एएम५ आणि एलजीए १८५१ दोन्हीकडे फक्त डीडीआर५ ही नव्या प्रकारची रॅम चालते. आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी प्रचंड लागते, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन मोठ्या उत्पादकांनी माल तिकडे वळवला आणि किरकोळ बाजारात टंचाई झाली. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉननं क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. समजा तीन महिने थांबून प्रोसेसरमध्ये दोन हजार वाचले आणि तेवढ्यात रॅम पाच हजारांनी चढली, तर थांबणं तीन हजारांना पडलं. उलटंही होऊ शकतं. म्हणून चौघांचं मिळून एकच कोटेशन घ्या, तारीख टाकून ठेवा, आणि पंधरा दिवसांनी त्याच चार वस्तूंचं पुन्हा घ्या. बाजार कुठे चाललाय ते त्या दोन कागदांवरून स्वच्छ दिसतं.

घरात जुन्या मशीनमधली चांगली डीडीआर४ रॅम पडली असेल तर तिची किंमत आता वाढली आहे असं समजा. एलजीए १७०० चे एच६१० आणि बी६६० बोर्ड डीडीआर४ वाले मिळतात. त्यावर बाराव्या पिढीचा १२४०० बसवून जुनी रॅम लावली तर एक मोठा खर्च जातो. मला विचाराल तर मधल्या बजेटसाठी आजचा हा सर्वांत शहाणा मार्ग आहे, जरी त्यात मिरवण्यासारखं काही नसलं तरी. लॅपटॉपची रॅम आकारानं लहान असते, ती डेस्कटॉपच्या बोर्डात बसत नाही.

थांबायचंच असेल तर

एका कागदावर तीन गोष्टी लिहा: कुठल्या वस्तूसाठी थांबताय, कुठल्या तारखेपर्यंत, आणि किती रुपये वाचावेत म्हणून. तिन्ही रकाने भरता आले तर खुशाल थांबा. "काहीतरी चांगलं येईल" एवढंच लिहिता येत असेल तर आज घ्या.

तारीख लिहायला मागचं वेळापत्रक कामाला येतं. इंटेलच्या डेस्कटॉप पिढ्या नोव्हेंबर २०२१, ऑक्टोबर २०२२, ऑक्टोबर २०२३ आणि ऑक्टोबर २०२४ ला आल्या. एएमडीच्या नोव्हेंबर २०२०, सप्टेंबर २०२२ आणि ऑगस्ट २०२४ ला. म्हणजे त्या चार वर्षांत इंटेलचं काहीतरी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आलं, आणि एएमडीचं साधारण दोन वर्षांनी.

पण आधी येतात ते महागडे. सप्टेंबर २०२२ मध्ये ७६००एक्स आला, साधा ६५ वॉटचा ७६०० यायला जानेवारी २०२३ उजाडला. इंटेलच्या ऑक्टोबर २०२४ च्या पिढीतले, म्हणजे कोअर अल्ट्रा २०० मधले, नावाच्या शेवटी के नसलेले साधे प्रोसेसर देखील असेच जानेवारी २०२५ ला आले. एक्स३डी त्याहून वेगळे: ७८००एक्स३डी मूळ पिढीनंतर साधारण सहा महिन्यांनी, ९८००एक्स३डी तीन महिन्यांनी. तुमचं बजेट मधल्या प्रोसेसरचं असेल तर ज्या दिवशी बातम्या येतात तो दिवस तुमचा नाही. त्यात आणखी काही महिने धरा.

शिवाय नवीन म्हणजे वेगवान असंही दरवेळी होत नाही. चौदावी पिढी बरीचशी तेरावीच होती, थोडा वेग वाढवलेली. एक वर्ष थांबून १३४०० ऐवजी १४४०० घेणाऱ्याच्या हाती फारसं काही लागलं नाही. कोअर अल्ट्रा २०० वीज कमी खातो, पण बऱ्याच गेममध्ये तो चौदाव्या पिढीच्या पुढे गेला नाही.

मी कुणाला थांबायला सांगतो? कंपनीनं स्वतः तारीख जाहीर केली आहे, ती दोन महिन्यांच्या आत आहे, वरच्या दर्जाचाच प्रोसेसर घ्यायचा आहे आणि सध्याचं मशीन काम अडवत नाही, अशाला. लीक झालेल्या बातम्या तारखेच्या रकान्यात लिहू नका.

आणि थांबण्याची किंमतही मांडा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. एडिटरनं मशीन त्याआधी बसवून, चार प्रोजेक्ट करून हाताखाली घातलेलं असावं. पीसी धंद्याच्या नावावर घेणार असाल तर आणखी एक हिशोब: कॉम्प्युटरवर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो, पण त्या आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्माच. म्हणजे दिवाळीची ऑफर गाठायला थांबलात तर घसाऱ्यात काही जाऊ शकतं. आपल्या सीएला एक फोन करा.

सोलापूरच्या उन्हाला कुठला प्रोसेसर?

खोलीचं तापमान पंधरा अंशांनी वाढलं की प्रोसेसरचंही साधारण तेवढंच वाढतं. परदेशातल्या एसी खोलीत केलेली चाचणी बघून घेतलेला प्रोसेसर मे महिन्यात जुळे सोलापुरातल्या तिसऱ्या मजल्यावर तसाच वागेल असं धरू नका. जितके वॉट कमी तितकी उष्णता कमी, म्हणून माझा कल सरळ ६५ वॉटच्या प्रोसेसरकडे आहे. ७६०० ६५ वॉटचा आणि खोक्यात कूलरसह मिळतो, ७६००एक्स १०५ वॉटचा आणि कूलर वेगळा घ्यावा लागतो. रोजच्या कामात दोघांत जाणवेल असा फरक नाही. १४९००के तर पूर्ण ताकदीला २५३ वॉट खातो. त्याला थंड ठेवायचा खर्च प्रोसेसरच्या किमतीत धरूनच विचार करा.

कुठून घ्यायचा, काय तपासायचं

ऑनलाइन, पुणे आणि नवी पेठ, तिन्हीकडचा भाव काढा. हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी पुण्याला जाऊन रात्री परत येता येतं, पण जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेला दिवस भावात मिळवा. गावातल्या दुकानात थोडे जास्त पडले तरी माझं मत सहसा तिकडेच झुकतं. पीसी चालू झाला नाही तर दोष बोर्डचा, रॅमचा की प्रोसेसरचा हे शोधायला दुसरे सुटे भाग लागतात आणि ते घरी कुणाकडे नसतात. पहिल्यांदाच जोडणाऱ्याला त्याची गरज पडतेच.

बिल पक्कं घ्या आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. "बिल नको असेल तर कमी करतो" याचा अर्थ १८ टक्के जीएसटी वाचवून वॉरंटीचा पुरावा सोडून देणं. धंद्याचा जीएसटी नंबर असेल तर तो बिलावर टाकायला सांगा, क्रेडिट मिळेल. खोकं सील पॅक आहे का बघा. सुटा, म्हणजे ट्रेमधला प्रोसेसर थोडा स्वस्त असतो, पण खोक्यातल्याला इंटेल आणि एएमडी दोघांची तीन वर्षांची वॉरंटी आहे, ट्रेवाल्याची जबाबदारी विकणाऱ्यावर.

पिना काउंटरवरच तपासा. एएम४ मध्ये त्या प्रोसेसरच्या पोटाला असतात, एएम५ आणि इंटेलमध्ये बोर्डच्या सॉकेटमध्ये. सॉकेटची वाकलेली पिन बोर्डची वॉरंटी घालवू शकते, म्हणून बोर्ड उघडताच मोबाइलवर जवळून फोटो काढा.

जुना प्रोसेसर घ्यायला हरकत नाही. पीसीतल्या भागांत सेकंड हँड घ्यायला सगळ्यात कमी धोक्याचा तोच, कारण तो सहसा बिघडत नाही. अपवाद तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या वरच्या मॉडेलांचा, विशेषतः आय७ आणि आय९ चा. त्यातले काही जास्त व्होल्टेजमुळे कालांतरानं अस्थिर होत होते. इंटेलनं २०२४ मध्ये हे मान्य करून मायक्रोकोडचे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे, अपडेट काढले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधी झालेलं नुकसान अपडेटनं भरून येत नाही. असा प्रोसेसर घ्यायचाच असेल तर मूळ बिल मागा, आणि बायोस कधी अपडेट केला ते विचारा.

बसवून झाल्यावर पहिल्या आठवड्यातच त्याला ताण द्या. एक मोठा एक्सपोर्ट किंवा तासभराचा जड गेम चालवा, तापमान टिपून ठेवा, आणि टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर रॅमचा वेग बघा. खोक्यावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा तो कमी दिसला तर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम पूर्ण वेगानं चालवायची सेटिंग) चालू करायचं राहिलंय. काही खटकलं तर दुकानदाराकडे त्याच आठवड्यात जा. त्या दिवसांत तो वस्तू बदलून द्यायला तयार असतो, नंतर मशीन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या रांगेत जातं.